पळून गेलेली भाकरी

जगभरच्या लोककथांची जी मोठी सूची अभ्यासकांनी तयार केली आहे, तिच्यात प्रत्येक कथाप्रकाराला एक क्रमांक दिलेला असतो. फिनलंडच्या आन्टी आर्ने यांनी १९१० मध्ये ही सूची सुरू केली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसन यांनी ती वाढवली आणि जर्मनीच्या हान्स-यॉर्ग ऊथर यांनी २००४ मध्ये ती नव्याने मांडली. या सूचीत २०२५ या क्रमांकावर एक गमतीदार नोंद आहे : पळून जाणारे धिरडे. राजे, राक्षस, पऱ्या, सावत्र आया यांच्या त्या गर्दीत चुलीवरून उडी मारून पळालेल्या एका धिरड्यालाही स्वतंत्र जागा मिळाली आहे, हे वाचून आम्हाला आधी हसू आले आणि मग आम्ही त्या कथा एकामागून एक वाचत गेलो. हसू हळूहळू कमी होत गेले.

कथेचा सांगाडा सगळीकडे जवळजवळ सारखा. कुणीतरी चुलीपाशी काही भाजत असते. ते भाजून तयार झाले की उठते आणि पळत सुटते. मागे घरचे लोक धावतात, वाटेत माणसे भेटतात, जनावरे भेटतात. प्रत्येकाला ते ऐकवते की अमक्याला चुकवले, तमक्याला चुकवले, तुलाही चुकवीन. शेवटी कुणीतरी लबाड भेटतो, बहुतेक वेळा कोल्हा, आणि ते त्याच्या पोटात जाते. रशियात हा गोल पाव असतो, स्कॉटलंडमध्ये ओटच्या पिठाची जाड भाकरी, नॉर्वेत गोड दुधातले धिरडे, अमेरिकेत मक्याच्या पिठाचा जॉनी-केक किंवा आले आणि काकवी घालून माणसाच्या आकाराचा भाजलेला मुलगा. आपल्याकडे इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना हा शेवटचा चांगलाच ठाऊक आहे. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना तो ठाऊक नव्हता, पण त्यांच्याविषयी पुढे सांगू.

आम्ही शिक्षक मंडळी तात्पर्य काढल्याशिवाय कुठलीही गोष्ट सोडत नाही. बी.एड.ला पाठ टाचण लिहिताना उद्दिष्टांचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, ती सवय पुढे जन्मभर टिकते. या कथेची दोन तात्पर्ये ठरलेली आहेत. एक, वडीलधाऱ्यांचे ऐकावे, घर सोडून पळू नये. दोन, कुणाच्या गोड बोलण्याला भुलू नये. मुलांकडून ती घोकून घेतली की तास संपतो. आम्हाला मात्र ही दोन्ही तात्पर्ये पोकळ वाटतात. पहिल्यात वडीलधाऱ्यांची आज्ञा काय आहे ते पाहा. तव्यावर गुपचूप पडून राहा, म्हणजे आम्ही तुला खाऊ. ही आज्ञा कोणते मूल मानील, आणि मानले तर त्याला शहाणे म्हणावे काय? दुसऱ्या तात्पर्यात एवढेच शिकवले जाते की पळायचे तर नीट पळा. मुळात पळणे बरोबर होते की नव्हते, या प्रश्नाला ते हातच लावत नाही. समजा कोल्हा भेटलाच नसता, तर तो पाव कुठवर पळाला असता? शिळा होऊन बुरशी येईपर्यंतच ना?

रशियन कथा जरा सविस्तर सांगितली पाहिजे. पावाचे नाव कोलोबोक. अलेक्सांद्र अफानास्येव यांनी १८५५ ते १८६३ या काळात रशियन लोककथांचा जो संग्रह प्रसिद्ध केला त्यात ती आहे, आणि रशियात आजही फार लहान मुलांना सांगितल्या जाणाऱ्या पहिल्या गोष्टींपैकी ती एक आहे. म्हातारा म्हातारीला म्हणतो, काहीतरी भाज. म्हातारी विचारते, कशाचे भाजू, पीठ कुठे आहे? मग तो सुचवतो की पिठाची पेटी खरवड, कणगीचा तळ झाडून काढ, निघेल थोडेफार. म्हातारी पेटी खरवडते, कणगी झाडते आणि दोन मुठी पीठ निघते. आंबट सायीत ते मळून, लोण्यात तळून ती एक गोल पाव करते आणि निवायला खिडकीत ठेवते. पाव थोडा वेळ पडून राहतो, मग खिडकीतून बाकावर, बाकावरून जमिनीवर, जमिनीवरून उंबऱ्याबाहेर गडगडत जातो. ससा भेटतो, लांडगा भेटतो, अस्वल भेटते. प्रत्येकाला तो आपले गाणे ऐकवतो आणि निसटतो. कोल्हीण मात्र गाण्याची तारीफ करते. म्हणते, मला म्हातारपणामुळे नीट ऐकू येत नाही, माझ्या नाकावर बसून पुन्हा म्हण. मग म्हणते, आता जिभेवर बसून शेवटचे एकदा. पाव जिभेवर बसतो आणि कथा संपते.

या कथेत आम्हाला अडखळायला होते ते त्या दोन मुठी पिठापाशी. कथाकाराने हे तपशील उगाच दिलेले नाहीत. ज्या घरात पेटी खरवडून, कणगी झाडून पीठ काढावे लागते त्या घराची अवस्था आपल्या आजीला कुणी समजावून सांगावी लागली नसती. डब्याचा तळ खरवडल्याचा आवाज ज्यांनी ऐकला आहे ते तो विसरत नाहीत. म्हणजे ते घरातले शेवटचे पीठ होते. आणि पाव खिडकीतून उतरला त्या क्षणी कथा पावाच्या मागे धावते. म्हातारा-म्हातारीकडे ती एकदाही वळून पाहत नाही. आपणही पाहत नाही. गाणे इतके गोड आहे आणि पुढे कोण भेटणार याची उत्सुकता इतकी आहे, की मागे खिडकीत रिकामी जागा राहिली हे आपल्या लक्षातच येत नाही.

ज्यांच्या लक्षात आले ती आमच्या वर्गातली पाचवीची एक मुलगी. आम्ही कोलोबोकची गोष्ट मुलांच्या बोलीत सांगितली, जनावरांचे आवाज काढून दाखवले, मुले हसली. तात्पर्य विचारणार तेवढ्यात ती म्हणाली, "टीचर, फिर बुढ्ढी क्या खाई?" वर्गात थोडी शांतता पसरली. मग एकाने उत्तर दिले, "पडोस से मांग के लाई होगी." दुसरा म्हणाला, "पानी पी के सो गई." ही उत्तरे कुठल्या अनुभवातून येतात ते आम्ही त्यांना विचारले नाही. एवढे मात्र कळले की या कथेतला खरा प्रश्न पावाचा किंवा कोल्ह्याचा नाही. भाकरी पळून गेली तर उपाशी कोण राहिले, हा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न हातात धरून बाकीच्या कथा वाचल्या की त्या वेगळ्याच दिसू लागतात. पीटर आस्ब्यर्नसन आणि यॉर्गेन मू यांच्यामुळे जगाला माहीत झालेल्या नॉर्वेजियन कथांत एक आई सात भुकेल्या मुलांसाठी धिरडे करत असते. जॉर्ज डेसेंट यांनी १८७४ मध्ये ती कथा इंग्रजीत आणली. सातही मुले चुलीभोवती उभी राहून आईची मनधरणी करतात. प्रत्येक मूल आधीच्या मुलापेक्षा एक लाडाचे विशेषण जास्त लावते. धिरडे हे सगळे ऐकते, घाबरते आणि उडी मारून दाराबाहेर पडते. आई एका हातात तवा आणि दुसऱ्या हातात उलथने घेऊन मागे धावते, तिच्यामागे मुले, त्यांच्यामागे लंगडत आजोबा. पुढे एक माणूस, कोंबडी, कोंबडा, बदक अशी रांग लागते. शेवटी एक डुक्कर ओढा पार करून देतो म्हणून धिरड्याला नाकावर घेते आणि गिळते. धिरडे पुढे जाऊ शकत नाही म्हणून गोष्टही पुढे जात नाही, अशा थाटात कथाकार थांबतो. सांगण्याची ही ढब फारच मजेदार आहे, यात वाद नाही. पण सात मुले ओढ्याच्या अलीकडे उभी आहेत आणि धिरडे डुकराच्या पोटात आहे, ही वस्तुस्थिती त्या मजेने झाकली जाते.

स्कॉटलंडची भाकरी शिंप्यांच्या, विणकरांच्या, लोहाराच्या, गिरणीवाल्याच्या घरात शिरते आणि निसटते. ती कथा मोठी चुरचुरीत आहे, पण तिथल्या म्हाताऱ्याने एक भाकरी आधीच खाल्लेली असते, त्यामुळे आमचा जीव फारसा तुटत नाही. जॉनी-केकची कथा अमेरिकेत सांगितली जायची. जोसेफ जेकब्स यांनी ती १८९० च्या आपल्या इंग्रजी परीकथांच्या पुस्तकात घेतली. तिच्यात जॉनी-केकला वाटेत दोन विहीर खणणारे आणि दोन चर खणणारे मजूर भेटतात. हातातली कुदळ-फावडी टाकून ते धावतात, दमतात आणि रस्त्याच्या कडेला बसतात. दिवसभर माती उपसणाऱ्याला वास येणारा गरम केक समोरून पळताना दिसला तर तो धावणारच. त्यांना कुणी आळशी किंवा लोभी म्हणत असेल तर त्याने एक दिवस विहिरीत उतरून पाहावे.

इथवर आम्ही भाकरीच्या विरोधात बोलत आलो. पण भाकरीचीही बाजू आहे. ती बोलते, गाते, घाबरते. ज्याला भीती वाटते त्याला पळण्याचा हक्क नाही काय? बी.एड.च्या मानसशास्त्रात पियाजे यांचा एक मुद्दा सगळ्यांनी परीक्षेपुरता पाठ केलेला असतो : लहान मूल निर्जीव वस्तूंनाही जीव आहे असे मानते. ढग चालतो म्हणून त्याला जीव, चेंडू गडगडतो म्हणून त्यालाही. भाकरीची कथा मुलांना पटते ती यामुळे. मोठ्यांची पंचाईत मात्र वेगळीच होते. भाकरी वस्तू असेल तर तिला हक्क नाही, पण मग तिच्यावर रागावण्यातही अर्थ नाही. वाऱ्याने उडालेल्या कागदावर कुणी रागावत नाही. आणि भाकरी जीव असेल, तर चुलीपाशी बसलेली ती बिचारी म्हातारी एकदम राक्षसीण ठरते. कथा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या धरून चालते आणि आपल्यालाही तसेच चालायला लावते. ग्रिम बंधूंच्या संग्रहात एका गरीब म्हातारीच्या पातेल्यातून निसटलेल्या शेंगेच्या दाण्याची अशीच एक छोटी कथा आहे. तो दाणा हसता हसता फुटतो आणि एक शिंपी त्याला काळ्या दोऱ्याने शिवतो. तिथे सुदैवाने एकच दाणा निसटतो. बाकीचे शिजतात आणि म्हातारी जेवते, असे मानायला जागा आहे.

ही पंचाईत सगळ्यात तीव्र होते ती आले-काकवीच्या मुलाच्या कथेत. ही कथा अमेरिकेतल्या 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकात मे १८७५ मध्ये छापून आली. लिहिणाऱ्याने नोंदवले आहे की मेन राज्यातल्या एका मोलकरणीने ती मुलांना सांगितली आणि तिला ती लहानपणी एका म्हातारीकडून मिळाली होती. म्हणजे मासिकाच्या पानावर पोचण्याआधी ही कथा स्वयंपाकघरातच वाढली. तिच्यातल्या म्हातारा-म्हातारीला मूल नाही. म्हणून म्हातारी पिठाचा मुलगा करते आणि भट्टीत ठेवते. तो उठून पळतो. इथे आमचे मन एकदम फिरते. कोलोबोकच्या वेळी आम्ही म्हातारीच्या बाजूने होतो, इथे मुलाच्या बाजूने होतो. कारण मूल हवे म्हणून जे घडवले ते खाण्यासाठी घडवले असे कसे म्हणता येईल? आणि तरीही किती घरांत हे दोन हेतू एकमेकांत मिसळलेले असतात! मुलगा झाला म्हणजे म्हातारपणाची भाकरी झाली, असे बोलून दाखवणारे पालक आम्हाला दरवर्षी शाळेत भेटतात. मुलगी हुशार आहे, पुढे शिकवा म्हटले तर घरातले काम कोण करील, असे विचारणारेही भेटतात. अशा घरातून कुणी पळाले तर त्याला आज्ञाभंग म्हणायला आमची जीभ वळत नाही. शेवटी कोल्हा त्या मुलाला खातो तेव्हा तो बिचारा आपण किती उरलो याचा हिशेब देत जातो. पाव भाग गेला, अर्धा गेला, पाऊण गेला. तिथे हसणारी मुले आम्ही पाहिली आहेत. आम्हाला ते हसू जमत नाही.

म्हणजे पळणाऱ्याची बाजू घ्यायची की मागे राहिलेल्याची, याचे एकच उत्तर सगळ्या कथांना लागू पडत नाही. भाकरी म्हणून केलेली भाकरी आणि मूल म्हणून केलेले मूल यांत फरक करावाच लागतो. पण या सगळ्या कथांत एक कथा अशी आहे की जिच्यापाशी आम्ही सर्वांत जास्त थांबलो. कार्ल आणि थिओडोर कोलशोर्न या जर्मन बंधूंनी १८५४ मध्ये हानोवरहून प्रसिद्ध केलेल्या लोककथांच्या संग्रहात ती आहे. तीन म्हाताऱ्यांना धिरडे खावेसे वाटते. एक अंडे देते, दुसरी दूध, तिसरी पीठ आणि चरबी. धिरडे फुगून तयार होते, उठते आणि तिघींना सोडून जंगलात पळते. त्याच्या पावलांचा खडखड असा आवाजही कथेत आहे. वाटेत ससा, लांडगा, बोकड, घोडा, डुकरीण असे एकेक भेटतात. प्रत्येकजण ओरडतो, अरे जाड्या धिरड्या, थांब, मला तुला खायचे आहे. धिरडे थांबत नाही. मग तीन मुले येतात. त्यांना आई नाही, बाप नाही. ती त्याला जाड्या म्हणत नाहीत, प्रेमाने हाक मारतात आणि सांगतात की आम्ही दिवसभर काही खाल्लेले नाही. धिरडे उडी मारून त्यांच्या टोपलीत बसते आणि स्वतःला खाऊ देते.

इथे कोल्हा नाही. फसवणूक नाही. सापडणे आणि थांबणे यांतला फरक या एका कथेने दाखवला आहे, आणि तो दाखवताना मागणाऱ्यांतही फरक केला आहे. तीन म्हाताऱ्यांना धिरड्याची इच्छा होती. त्यांच्याकडे अंडे होते, दूध होते, पीठ होते, चरबी होती. जनावरांच्या अंगात जोर होता आणि तोंडात हुकूम होता. मुलांकडे यांतले काहीच नव्हते. फक्त रिकामी टोपली आणि दिवसभराचा उपवास. इच्छा, ताकद आणि भूक, या तिघींचे अन्नाशी नाते एकसारखे नाही, हे सांगायला तत्त्वज्ञांना ग्रंथ लिहावे लागले असते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. खाल्ले जाण्यात आनंद मानणाऱ्या अन्नाची गोष्ट कोण रचतो? खाणाराच ना? बळी जाणाऱ्याने हसत बळी जावे, ही शिकवण जगात नेहमी बळी घेणाऱ्यांनीच दिली आहे. नोकराने मालकासाठी, सुनेने सासरसाठी, सैनिकाने राजासाठी. मग या धिरड्याचे कौतुक करून आम्हीही तेच शिकवत नाही काय? आक्षेपात वजन आहे. आमचे उत्तर एवढेच, की हे धिरडे मालकांपाशी थांबत नाही. ज्यांनी त्याला घडवले त्यांना ते सोडून जाते, ज्यांच्यात जोर आहे त्यांनाही सोडून जाते. पळून जाण्याची ताकद आपल्यात आहे हे पाच वेळा सिद्ध करून मग ते थांबते, आणि थांबते ते आपल्यापेक्षा दुबळ्यापाशी. नोकराला, सुनेला, सैनिकाला ही निवड कुणी दिली होती? तरीही मान्य करतो की वर्गात ही कथा सांगताना शिक्षकाने सावध असावे. जी मुले घरी आधीच सगळ्यांसाठी थांबत असतात, त्यांना आणखी थांबायला शिकवायची गरज नाही.

आपल्या घरांत एक म्हण फार ऐकू येते : दाने दाने पर लिखा है खानेवाले का नाम. पाहुणा अवचित आला, कुणाच्या ताटातला घास दुसऱ्याच्या वाट्याला गेला, की मोठी माणसे ती म्हणतात आणि दस्तरखानावरचे वातावरण हलके होते. रिज्क देणारा देतो, आपण निमित्त, हा तिचा मूळ भाव आहे आणि तो नम्र करणारा आहे. पण हीच म्हण पोट भरलेल्याने उपाशी माणसाला ऐकवली तर? कोलोबोकच्या पिठावर कोल्हिणीचे नाव लिहिले होते असे त्या म्हातारीला समजावून सांगायला आमच्यापैकी कोण तयार होईल? तिने कणगी झाडली ती कोल्हिणीसाठी? म्हण तीच, पण बोलणारा बदलला की तिचे काम बदलते. देताना म्हटली तर ती मन मोठे करते आणि नाकारताना म्हटली तर ती दार लावून घेते. वलीम्याच्या जेवणात अर्ध्या भरलेल्या बिर्याणीच्या ताटांची रास मांडवामागे पडते, तेव्हा त्या दाण्यांवर कुणाचे नाव होते, हे विचारण्याचे धाडस आपल्यात कुणी करत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होतो. इतक्या भाकऱ्या पळाल्या, आणि कोल्ह्याच्याही पोटात गेल्या नाहीत.

आपल्या देशात भाकरी कोठारात जाऊन बसल्याचीही कथा आहे. २००१ मध्ये सरकारी गोदामे धान्याने भरलेली असताना दुष्काळी भागांत माणसे उपाशी होती, म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेले दुपारचे जेवण द्यावे. पुढे २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदाही झाला. आमच्या शाळेत दुपारी खिचडीचे पातेले उघडते त्यामागे तो आदेश आहे, हे मुलांना ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. पण एक गोष्ट आम्ही पाहत आलो आहोत. घंटा होते तेव्हा काही मुले पळत जातात आणि काही मुद्दाम हळू चालतात, आपल्याला भूक लागली आहे हे दिसू नये म्हणून. अनाथ मुलांनी धिरड्याला 'आम्ही दिवसभर खाल्ले नाही' असे सांगितले, त्यालाही हिंमत लागत असली पाहिजे.

आणि आपल्याकडची पळणारी गोष्ट? ती आहे, पण उलटी आहे. भोपळ्यात बसून गडगडत जाणारी म्हातारी प्रत्येक मराठी मुलाला माहीत आहे. इथे खाद्य म्हणजे म्हातारी स्वतः. वाघ-कोल्हे तिला खायला टपलेले, आणि ती त्यांना सांगते की लेकीकडून धष्टपुष्ट होऊन येते, मग खा. इराणमध्ये हीच कथा गडगडणाऱ्या कद्दूच्या नावाने सांगतात, तिथेही म्हातारी लेकीकडेच निघालेली असते. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या १९१० च्या बंगाली पुस्तकात कुबड्या म्हातारीला तिची नात दुध्याच्या खोळीत बसवते. पंजाबात मात्र म्हातारीऐवजी एक कोकरू आहे. ते आजीकडे जाऊन लठ्ठ होते, ढोलात बसून परत निघते आणि शेवटी कोल्ह्याच्या तावडीत सापडते. सूचीत या कथांचा क्रमांक वेगळा आहे, अभ्यासक त्यांना धिरड्याच्या कथेशी जोडत नाहीत. आम्हाला मात्र त्या एकमेकींसमोर ठेवून पाहाव्याशा वाटतात. युरोपातली म्हातारी खिडकीत उपाशी राहिली. आपली म्हातारी लेकीकडे जाऊन पोटभर जेवली, आणि जे अन्न तिकडे पळून जाते तेच इकडे तिची गाडी झाले.

तिने वाघाला खोटे सांगितले हे खरे. कांट यांनी १७९७ मध्ये एक निबंध लिहून असे ठासून मांडले की खुनी माणूस दारात येऊन सावजाचा पत्ता विचारू लागला तरी खोटे बोलू नये. भोपळ्यातली म्हातारी त्यांच्या वर्गात नापास झाली असती. कोल्हीणही खोटे बोलते आणि म्हातारीही, पण एकीचे खोटे खाण्यासाठी आहे आणि दुसरीचे न खाल्ले जाण्यासाठी. या दोघींना एकाच मापाने मोजणारा नियम कितीही शुद्ध असला तरी आम्ही तो पाचवीच्या वर्गात शिकवणार नाही.

कोलोबोकची गोष्ट आम्ही आता तीन शेवटांसह सांगतो आणि मुलांना एक निवडायला लावतो. कोल्हिणीचा, टोपलीचा, आणि तिसरा मुलांनीच रचलेला : पाव फिरून फिरून दमतो आणि संध्याकाळी म्हातारीच्या खिडकीत परत येऊन बसतो. हा तिसरा शेवट त्या "क्या खाई" विचारणाऱ्या मुलीच्या वर्गाने केला. त्यावरही वाद झाला, कारण दिवसभर मातीत लोळलेला पाव खायचा कसा, असे एकाने विचारले. म्हातारी वरचा पापुद्रा काढून टाकील, असे ठरले. दरवर्षी हात वर करायला सांगितले की सर्वांत जास्त हात अजूनही कोल्हिणीच्या शेवटालाच वर होतात. मुलांना जिभेवर बसण्याचा प्रसंग फार आवडतो, आणि तो आम्हाला आवाजासकट पुन्हा करून दाखवावा लागतो.